भाताच्या खाचरात हिवाळी कलिंगड

दिवाळी उलटली की रायगडच्या किनारपट्टीवरील भाताची खाचरे हळूहळू मोकळी होऊ लागतात. कापणी व मळणी उरकते, पेंढा रचून ठेवला जातो आणि शेताचे वर्ष संपले असे समजण्याची पुष्कळ ठिकाणी वहिवाट आहे. काही खाचरांत अंगच्या ओलीवर वाल पेरला जातो. अलिबागच्या बाजूस पांढरा कांदा लावला जातो. उरलेली जमीन मात्र पुढील मृगापर्यंत तशीच पडून राहते. ज्या किनाऱ्यावर वर्षाकाठी सरासरी २,००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो, तेथे जमिनीने सहा-सात महिने रिकामे राहावे आणि घरातील धडधाकट माणसांनी वीटभट्टीची किंवा मुंबईची वाट धरावी, ही खचित विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

या रिकाम्या जमिनीत कलिंगडाने आपले पाय चांगले रोवले आहेत. रोहे व माणगाव तालुक्यांत आणि किनाऱ्यालगतच्या पाण्याची सोय असलेल्या गावांत भातानंतर कलिंगड घेणारे शेतकरी आहेत. भिरा येथील वीजगृहातून सुटलेले पाणी कुंडलिका नदीत येते व पुढे कालव्यांनी शेतांकडे वळविले जाते. त्याचा लाभ या पिकास मिळतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला मांडलेले कलिंगडांचे ढीग प्रवाशांच्या परिचयाचे आहेत. वेलवर्गीय फळ कोकणाला नवे नाही. पावसाळ्यात परसात होणारा आणि पिकताच उकलणारा चिबूड गुळाबरोबर खाण्याची चाल जुनीच आहे. परंतु चिबूड पावसाळ्यातील, तर कलिंगड हिवाळ्यातून उन्हाळ्याकडे जाणारे. म्हणून कलिंगडाची निगा वेगळ्या रीतीने करावी लागते.

कोकणात थंडी कोठे आहे?

किनाऱ्यावर थंडी नसते, असे सर्रास म्हटले जाते. माणसाच्या दृष्टीने ते खरे आहे. समुद्राच्या सान्निध्यामुळे अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या भागांत डिसेंबर-जानेवारीतील पहाटेचे तापमान सामान्यतः १७-१८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. किनाऱ्यापासून सह्याद्रीकडे जावे तसा पहाटेचा गारवा वाढतो. ही थंडी माणसाला सुखावह वाटली तरी कलिंगडाच्या बियाला ती मानवत नाही.

कलिंगड हे मूळचे आफ्रिकेतील उष्ण प्रदेशाचे पीक. मातीचे तापमान ३० अंश असेल तर त्याचे बी साधारण ४ दिवसांत उगवते. २५ अंशाला ५ दिवस लागतात. परंतु २० अंशाला तेच बी सुमारे १२ दिवस मातीत पडून राहते. १५-१६ अंशांच्या खाली उगवण जवळजवळ थांबतेच. ओल्या व गार मातीत दहा-बारा दिवस पडलेल्या बियाला बुरशी गाठते, मुंग्या व उंदीर उकरतात आणि जे थोडे उगवते ते फिकट व खुरटे राहते. शेतकरी मग दुकानदाराला किंवा बियाण्याला दोष देतो. बी कधी कधी सदोष असते हे खरे. पण अनेकदा बी चांगले असते आणि माती थंड असते.

यावर कोणी म्हणेल की, थंडी सरल्यावर फेब्रुवारीत बी लावावे. ही युक्ती किनाऱ्यावर महागात पडते. एक तर मार्च-एप्रिलनंतर समुद्रालगतच्या पुष्कळ विहिरींचे पाणी खाली जाऊन मचूळ होऊ लागते, आणि नेमक्या त्याच वेळी फळ पोसण्यासाठी वेलाला पाणी लागते. दुसरे असे की, उशिरा लावलेल्या पिकाचे फळ बाजारात गर्दीच्या वेळी जाते. तिसरी गोष्ट म्हणजे फळमाशीचा उपद्रव उन्हाबरोबर वाढतो. तात्पर्य, भाताची कापणी आणि विहिरीचा खारेपणा यांच्यामधील अवकाश थोडा आहे, व थंडी त्याच्या ऐन मध्यावर येते. म्हणून थंडीच्या अगोदर शक्य तेवढे उरकणे व जे थंडीत सापडेल त्याला ऊब देणे, हाच मार्ग उरतो.

दोन शेजाऱ्यांचे उदाहरण

असे समजू की, एकाच पाणंदीवर दोन शेतकऱ्यांची दहा-दहा गुंठ्यांची खाचरे आहेत. पहिल्याने डिसेंबरच्या मध्यास सर्व खाचर एकाच दिवशी लावले. जमीन सपाट ठेवली, बी कोरडेच टोकले आणि संध्याकाळी भरपूर पाणी दिले. बारा दिवसांनी पाहतो तो अर्ध्याहून अधिक आळी रिकामी. त्याने दुसऱ्यांदा बी आणले. तीन आठवडे गेले, बियाण्याचा खर्च दुप्पट झाला आणि फळ तयार झाले तेव्हा विहीर तळाला गेलेली.

दुसऱ्याने हळवे भात निघालेल्या खाचरात नोव्हेंबरच्या अखेरीस चार गुंठे लावले, तीन गुंठे डिसेंबरच्या मध्यास आणि तीन गुंठे जानेवारीच्या आरंभी. बी अगोदर मोड आणून घेतले. एखादा हप्ता थंडीने मागे पडला तरी सर्व घर त्यावर अवलंबून नव्हते. शिवाय माल एकदम न निघता महिना-दीड महिना थोडा थोडा निघत राहिला. पहिल्याचे कष्ट कमी होते असे नाही. त्याने सर्व भार एका दिवसावर टाकला, एवढाच फरक.

जमीन उबदार कशी ठेवावी

या पिकाची तयारी खरे म्हणजे जूनमध्येच सुरू होते. ज्या खाचरात कलिंगड घ्यावयाचे तेथे गरवे भात न लावता हळवे किंवा निमगरवे वाण लावावे, म्हणजे जमीन वेळेवर मोकळी होते. कापणीनंतर वाफसा येताच नांगरट करावी. चिखल असता नांगरल्यास ढेकळे दगडासारखी होतात. फार उशीर केल्यास जमीन टणक होऊन नांगर लागत नाही.

सपाट वाफ्यापेक्षा उंच गादीवाफ्याची माती लवकर तापते व तिच्यात पाणी साचत नाही. वाफे पूर्व-पश्चिम काढून त्यांच्या दक्षिणेकडील उतारावर बी लावावे, कारण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो व त्या बाजूस ऊन अधिक वेळ लागते. दोन ओळींत सुमारे २ मीटर व दोन वेलांत ५० ते ६० सेंटिमीटर अंतर राखावे. प्रत्येक आळ्यात चांगले कुजलेले शेणखत मातीत मिसळावे. प्लास्टिकचे आच्छादन वापरावयाचे असल्यास ते लागवडीपूर्वी काही दिवस अंथरावे, म्हणजे माती तापलेली मिळते. पेंढ्याचे आच्छादन मात्र आरंभी करू नये. पेंढा उन्हाला अडवितो व माती गार ठेवतो. तो फळधारणेनंतर फळाखाली पसरावा. तेव्हा तो फळाला ओलीपासून वाचवितो.

थंड प्रदेशांतील माळ्यांनी या कामी पूर्वीपासून युक्त्या केल्या आहेत. पॅरिसच्या आसपासचे भाजीवाले ताज्या खताच्या थरावर माती पसरून व रोपांवर काचेच्या घंटा पालथ्या घालून खरबूज पिकवीत. आपल्याच देशात यमुना व गंगेच्या वाळूत कलिंगड-खरबूज घेणारे शेतकरी थंडीच्या वाऱ्याच्या बाजूस गवताचे कूड उभे करतात. आपल्याकडे काचेची गरज नाही. पण कुडाची कल्पना घेण्यासारखी आहे. किनाऱ्यावर हिवाळ्यात रात्री व पहाटे जमिनीकडून, म्हणजे पूर्वेकडून, गार वारा वाहतो. त्या बाजूस मक्याच्या किंवा ज्वारीच्या दोन-तीन दाट ओळी आधी पेराव्यात. त्यांनी वारा अडतो आणि रस शोषणाऱ्या किडींच्या शिरकावासही थोडा अडथळा होतो.

बी व रोपे

बी कोमट पाण्यात रात्रभर भिजवावे, नंतर ओल्या गोणपाटात गुंडाळून घरात चुलीजवळच्या उबदार जागी दोन दिवस ठेवावे. मोड दिसताच ते लावावे. मोड लांबू देऊ नये. याहून खात्रीचा उपाय म्हणजे लहान पिशव्यांत किंवा ट्रेमध्ये रोपे करणे. दिवसा रोपे उन्हात ठेवावीत व रात्री आडोशाला घ्यावीत. दोन खरी पाने येताच, साधारण १५ ते २० दिवसांत, मुळांभोवतीची माती न हलवता ती लावावीत. कलिंगडाच्या मुळांना धक्का सोसत नाही; मोठी झालेली रोपे लावल्यास ती बसून राहतात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने एक साधे काम आवर्जून करावे. सकाळी सात वाजता शेतातील मातीत ५ सेंटिमीटर खोल तापमापक ठेवून सलग तीन दिवस तापमान नोंदवावे. ते १८ अंशांच्या खाली असेल तर कोरडे बी टोकण्यास परवानगी देऊ नये, रोपेच लावावीत. तापमापकाची किंमत एका फसलेल्या पेरणीच्या मानाने काहीच नाही.

पाणी, फुले आणि फळ

हिवाळ्यात पाणी सकाळी द्यावे. विहिरीतून नुकतेच काढलेले पाणी पहाटेच्या मातीपेक्षा उबदार असते. संध्याकाळी दिलेले पाणी रात्रभर मातीला गार ठेवते, आणि पाने ओली राहिल्यास दवाबरोबर केवडा रोग वाढतो. फळ वाढत असता पाण्यात खंड पडू देऊ नये. ताण देऊन एकदम भरपूर पाणी दिले तर फळे तडकतात. फळे पक्व होऊ लागताच मात्र पाणी कमी करावे, नाही तर गोडी उतरते.

कलिंगडाची नर व मादी फुले वेगळी असतात व परागीकरण मुख्यतः मधमाश्या करतात. फुले सकाळी उमलतात, म्हणून त्या वेळी औषध फवारणे म्हणजे आपल्याच मजुरांना शेतातून हाकलून देण्यासारखे आहे. फवारणी अत्यावश्यकच असेल तर ती सायंकाळी करावी. सातेरी मधमाश्यांची पेटी जवळ असल्यास फळे अधिक व घाटदार धरतात. एका वेलावर दोन-तीनच चांगली फळे ठेवावीत.

रोपे कोवळी असता तांबडे भुंगेरे पाने कुरतडतात. ते सकाळी सुस्त असताना वेचून मारावेत. फळमाशीसाठी क्यू-ल्यूर गंधाचे सापळे फुलोऱ्यापासूनच लावावेत व किडलेली फळे शेतात न टाकता खोल पुरावीत. एकाच खाचरात दरवर्षी कलिंगड घेऊ नये, कारण मर रोगाची बुरशी जमिनीत टिकून राहते. पावसाळ्यात भातासाठी साचलेले पाणी तिला काही अंशी दडपते, पण नाहीसे करीत नाही.

देठाजवळची तणावी सुकली, जमिनीला टेकलेला पांढरा डाग पिवळसर झाला आणि टिचकी मारल्यावर बद्द आवाज आला की फळ तयार झाले. पहिल्या भावाच्या मोहाने कच्चे फळ काढणारा शेतकरी त्या वर्षी चार पैसे मिळवितो आणि पुढील वर्षीचे गिऱ्हाईक गमावतो.

खारे पाणी आणि मोकाट गुरे

खाडीलगतच्या गावांनी लागवडीपूर्वी विहिरीचे पाणी तपासून घ्यावे. जिभेवर गोड लागणारे पाणीही पिकाला खारे असू शकते. पनवेल येथे खारजमीन संशोधन केंद्र आहे व किल्ला-रोहे येथे कृषि विज्ञान केंद्र आहे. ही दोन्ही १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषि विद्यापीठाच्या कक्षेतील आहेत. तेथे माती व पाण्याविषयी सल्ला घेता येतो. खतांची मात्रा माती तपासूनच ठरवावी.

शेवटची अडचण कोणत्याही प्रयोगशाळेत सुटणारी नाही. भात निघाले की गुरे मोकळी सोडण्याची जुनी रीत आहे. संपूर्ण शिवारात एकट्याचाच हिरवा वेल असेल तर गावची सारी गुरे तेथेच येतात. कुंपणाचा खर्च दहा गुंठ्यांच्या धन्याला झेपत नाही, आणि रात्रीची राखण करता करता त्याचा धीर सुटतो. पुष्कळ होतकरू शेतकऱ्यांनी थंडीमुळे नव्हे, तर याच कारणाने हे पीक सोडले आहे.

यास उपाय एकच. कार्यकर्त्याने भात शेतात उभे असतानाच गावकीची बैठक घ्यावी. पाण्याजवळचा एक सलग पट्टा ठरवावा, त्यातील सर्व शेतकऱ्यांनी एकत्र लागवड करावी, गुरांसाठी दुसरी बाजू व पेंढा राखून ठेवावा आणि राखणीची पाळी लावावी. ज्यांची गुरे आहेत पण त्या पट्ट्यात जमीन नाही, त्यांचे म्हणणे आधी ऐकावे. त्यांना डावलून केलेला ठराव पहिल्याच रात्री मोडतो. कापणीनंतर बोलावलेली बैठक उपयोगी पडत नाही, कारण तोवर गुरे सुटलेली असतात आणि माणसे कामाच्या शोधात बाहेर पडलेली असतात.

मोड आलेले बी, उंच वाफा, सकाळचे पाणी आणि गावाचा एक विचार, एवढ्या सामग्रीवर या किनाऱ्यावरील थंडीला तोंड देता येते. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी शेतकऱ्याच्या हातातील आहेत. चौथी सर्वांनी मिळून करावयाची आहे, आणि तिचा आरंभ यंदाचे भात पोटरीत असतानाच झाला पाहिजे.