अक्षतांना नको, हळदीला या

आमच्याकडे तुळशीचं लग्न लागलं की माणसांच्या तिथी सुरू होतात. साखर कारखान्यांचं गाळपही तेव्हाच. त्यामुळे वर्गमैत्रिणीच्या मुलीच्या लग्नाला बारामतीहून भवानीनगरमार्गे इंदापूरला निघालो, ते उसाच्या ट्रॉल्यांमागून रखडतच.

दहावीचा वर्ग पुन्हा जमतो तो असाच, कुणाच्या तरी घरच्या कार्यात. आमच्यातले निम्मे पुणे, पिंपरी-चिंचवडला नोकरीत. बाकीचे ऊस, डाळिंब नाहीतर दुधाच्या धंद्यात. स्नेहमेळाव्यासाठी वर्गणी, हॉल, तारीख यांचा घोळ घालावा लागतो. लग्नात मांडव, जेवण आणि निमित्त आयतं मिळतं.

हळदीच्या रात्री "वळखलंस का रं?" म्हणत शेवटच्या बाकावरचा गडी पुढं आला. तो पळसदेवचा. भीमेवरच्या उजनी धरणाच्या पाण्यात त्याचं जुनं गाव बुडालं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तिथलं पुरातन देऊळ उघडं पडतं. वडिलांनी घर कसं सोडलं, हे त्यानं शाळेत कधीच सांगितलं नव्हतं; त्या रात्री सांगितलं. कुणी कर्जाचं बोललं, कुणी मुलाचं लग्न जमत नसल्याचं. मार्कांची बढाई कुणीच मारली नाही.

दुसऱ्या दिवशी डीजे, आहेर आणि फोटोंच्या रांगेत धड दोन वाक्यंही झाली नाहीत. म्हणून सांगतो, जुन्या मित्राच्या घरचं लग्न असेल तर आदल्या दिवशीच पोहोचा.