प्लाझ्मा आणि तरंगांचे दिशांतर

जुन्नर तालुक्यातील खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरांच्या विस्तारात पसरलेल्या आहेत. आकाशस्थ ज्योतींचे रेडिओतरंग तेथे पोहोचण्यापूर्वी आयनांबरातून, म्हणजे पृथ्वीभोवतीच्या प्लाझ्माच्या थरातून, येतात आणि त्यांची दिशा किंचित ढळते.

प्लाझ्मातील मुक्त इलेक्ट्रॉन तरंगाच्या विद्युत् क्षेत्रामुळे आंदोलित होतात व माध्यमाचा वक्रीभवनांक कमी होतो. ही घट इलेक्ट्रॉनांच्या घनतेच्या सम प्रमाणात आणि वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. घन सेंटिमीटरात दहा लक्ष इलेक्ट्रॉन असता १५० मेगॅहर्ट्झला ती सुमारे ०.००१८ भरते, १४०० मेगॅहर्ट्झला तिच्या सुमारे ८७ पट कमी. घनता सर्वत्र सारखी नसल्याने थर लोलकाप्रमाणे वागतो. खोडद हे चुंबकीय विषुववृत्त आणि त्याच्या उत्तरेकडील अधिक घनतेचा पट्टा यांच्या दरम्यान असल्यामुळे हा प्रश्न तेथे विशेष बिकट होतो : ज्योतीचे स्थान सरकते, प्रतिमा पुसट होते.

यावर उपाय मोजमापांच्या विपुलतेत आहे. ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात. परंतु एका दिशेपुरते पाहता कलादोष अँटेनागणिक एक, म्हणजे ३० च. म्हणून निरीक्षणांतूनच दोष काढता येतो. विस्तृत क्षेत्रात मात्र तो दिशेगणिक बदलतो व गणित कठीण होते.

अँटेनांचे संकेत प्रकाशतंतूंतून मध्यवर्ती इमारतीत आणले जातात. तंतूंतील प्रकाश एका वाटेवरून दुसरीकडे वळविणाऱ्या स्विचांत हाच दोष साधन ठरतो. सिलिकॉनमध्ये विद्युत् प्रवाहाने इलेक्ट्रॉन व छिद्रे सोडली की त्यांचाही प्लाझ्मा बनतो. सोरेफ व बेनेट यांनी १९८७ मध्ये दिलेल्या सूत्रांनुसार, घन सेंटिमीटरात दहाच्या अठराव्या घाताइतके इलेक्ट्रॉन व तितकीच छिद्रे असता १.५५ मायक्रोमीटर तरंगलांबीला वक्रीभवनांक सुमारे ०.००३ ने उतरतो. प्रकाश दोन समान वाटांत विभागून एकीत पाव मिलिमीटर लांबीचा असा प्लाझ्मा निर्माण केला, तर अर्ध्या तरंगाचा फरक पडतो. वाटा पुन्हा एकत्र येताच प्रकाश एका द्वाराऐवजी दुसऱ्यातून बाहेर पडतो. कोणताही भाग हलवावा लागत नाही. मात्र मुक्त वाहक थोडा प्रकाश शोषून घेतात.

दोन्ही ठिकाणी घट हजारांशांचीच आहे. खोडदला ती शोधून वजा करावयाची असते. स्विचात ती हवी तेव्हा निर्माण करावयाची असते.