कपाटातली ईद

रमजानचा दुसरा आठवडा लागला की आमच्या गावातल्या बाजाराचा नूरच बदलतो. तरावीहची नमाज आटोपली की रस्त्यावर दिवे लागतात. खजूर, शेवया, अत्तर, बांगड्या, तयार कपडे. या गर्दीत आमच्याच घरची माणसं असतात असं नाही. शेवया घ्यायला आलेल्या शेजारच्या काकूही हमखास भेटतात. मलाही हा बाजार आवडतो. म्हणूनच मागच्या वर्षीची गोष्ट सांगायला थोडा संकोच वाटतो.

रमजानच्या आधी घर आवरताना कपाट रिकामं केलं, तर पलंगावर ढीग झाला. माझे पाच ड्रेस असे निघाले की जे जेमतेम एकदोनदा अंगाला लागले होते. लेकीचा शरारा एकाच ईदला घातलेला, आता आखूड झालेला. एका कुर्त्याला तर किमतीची चिठ्ठी तशीच लटकत होती. वर्गात मी मुलांना पाणीटंचाईवर निबंध लिहायला सांगते. एका सुती टी-शर्टमागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं, असा अंदाज आहे. त्यातलं बहुतेक कापसाच्या शेतातच जातं. कापूस पिकवणाऱ्या आपल्या भागाला पाण्याची किंमत वेगळी सांगायला नको. पलंगावरचा ढीग पाहून मला माझीच लाज वाटली.

उपवासाच्या या महिन्यात एक शब्द वारंवार कानी येतो, ‘इस्राफ’. म्हणजे गरजेपलीकडचा वापर, उधळपट्टी. कुराणाच्या ‘आराफ’ या अध्यायात खाण्यापिण्याला मोकळीक आहे, पण इस्राफाला मनाई आहे. नमाजेआधी हातपाय धुतात त्याला वुजू म्हणतात. वाहत्या नदीकाठी बसलात तरी वुजूसाठी पाणी जपून वापरा, अशा अर्थाची शिकवण हदीसमध्ये येते. नदी भरलेली आहे, पाण्याला पैसे पडत नाहीत, तरीही जपून. ‘परवडतं म्हणून घेतलं’ हे आपलं नेहमीचं उत्तर इथे चालत नाही.

आणि ईदचे कपडे? ईदला आंघोळ करावी, अत्तर लावावं, आपल्याकडे असलेल्यातले चांगले, स्वच्छ कपडे घालावेत, अशी रीत आहे. ते नवेच हवेत, अशी अट नाही. मी घरात जाहीर केलं, यंदा मोठ्यांना नवे कपडे नाहीत आणि मुलांनाही गरजेपुरतेच.

सासूबाई म्हणाल्या, “अगं, लोक विचारतील, घरात काही झालं का?” त्यांचं चुकीचं नव्हतं. आमच्याकडे घरात मयत झाली की पुढची ईद अनेकजण साधी करतात. साधेपणाला दुःखाची खूण मानायची सवयच पडली आहे. लेक मात्र रडली. “मैत्रिणी विचारतील तेव्हा काय सांगू, अम्मी?” या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सगळ्यात अवघड प्रश्न आमच्या शिंप्यांनी विचारला. ते म्हणाले, “मॅडम, सगळ्यांनीच असं ठरवलं तर माझं वर्ष कसं निघायचं? माझी खरी कमाई या एका महिन्याची.” मी गप्प झाले. काटकसर आपल्या घरात पुण्य वाटते. दुसऱ्याच्या घरात ती चूल विझवू शकते.

दोन दिवसांनी मी पिशवी भरून कपडे घेऊन त्यांच्याकडे गेले. माझ्या लग्नातल्या भरजरी दुपट्ट्याचा लेकीसाठी कुर्ता, शराऱ्याला खालून पट्टी, सासऱ्यांच्या दोन शेरवान्यांची दुरुस्ती. शिलाई नव्या कपड्याइतकीच दिली, घासाघीस केली नाही. कापडाचे पैसे वाचले होते, त्यातून एका ओळखीच्या घरातल्या तीन मुलांचे नवे कपडे त्यांच्याकडेच शिवायला टाकले. त्या मुलांकडे ईदला घालण्यासारखं काही नव्हतं. ती खरेदी इस्राफ नव्हती. ईदच्या नमाजेआधी फितरा देतात तोही याचसाठी, की गरिबाच्या घरीही सण व्हावा.

एक चूक मात्र कबूल करते. त्याच उत्साहात मी ‘पर्यावरणपूरक’ म्हणून बांबूचे डबे, काचेच्या बरण्या आणि चार कापडी पिशव्या मागवल्या. घरात स्टीलचे डबे होते, जुन्या चादरींच्या पिशव्या होत्या. पृथ्वी वाचवायच्या नावाखाली मी आणखी एक खरेदीच केली होती. आपल्या आज्या हे कुठल्या पुस्तकात शिकल्या नव्हत्या. जुन्या लुगड्याची गोधडी व्हायची, उरलेल्या कपड्यांवर भांडेवालीकडून पातेलं यायचं. जी वस्तू घरात आहे, तिच्यापेक्षा स्वस्त आणि हिरवी वस्तू बाजारात मिळत नाही.

इफ्तारचंही तसंच. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ मध्ये बंदी आली, तेव्हा आम्ही कागदी पेल्यांकडे वळलो. त्यांनाही आतून बहुधा प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. मागच्या वर्षी घरातल्या इफ्तारला स्टीलची ताटं काढली. घासायला माणसं जास्त लागली, गप्पाही जास्त झाल्या.

ईदच्या दिवशी लेक दुपट्ट्याचा कुर्ता घालून फिरली. तिला तो मनापासून आवडला का, ठाऊक नाही. त्याला खिसा होता, ते मात्र आवडलं. बांगड्या तिने हट्टाने नव्याच घेतल्या आणि मी अडवलं नाही. यंदा तिचा पाय वाढला आहे, म्हणून चपला घेतल्या. दुकानात दुसरा जोड दाखवला तेव्हा तीच म्हणाली, “पाय दोनच आहेत.”

मराठीत आपण अंथरूण पाहून पाय पसरायला सांगतो, उर्दूत चादर पाहून. दोन्ही भाषांनी हे एकाच घरात शिकलेलं दिसतं. आता ते अंथरूण फक्त आपल्या खिशाचं नाही, जमिनीचं आणि पाण्याचंही आहे, एवढंच लक्षात ठेवायचं. चांदरातीला बाजारात जरूर या. पण निघण्याआधी एकदा कपाट उघडून पाहा.