‘हार्डली’ने केला घोटाळा!

बालमित्रांनो, मी सातवीत असताना नागपूरच्या मामाला एक पत्र लिहिलं होतं. तेही चक्क इंग्रजीत! मामाने सांगूनच ठेवलं होतं, “सहामाहीचा अभ्यास कसा केलास, ते इंग्रजीत कळव. पत्र आवडलं तर शाईचं पेन बक्षीस!” मग काय, मी ऐटीत लिहिलं, ‘आय हार्डली स्टडीड फॉर द एक्झाम.’ माझ्या मनात होतं, ‘मी परीक्षेसाठी कसून अभ्यास केला.’

आठ दिवसांनी उत्तर आलं. पण माझ्या नव्हे, आईच्या नावाने! “ताई, अभ्यास जेमतेमच केला असं पोरीने स्वतःच कळवलंय. तिच्या खरेपणाचं कौतुक वाटतं. पण पेनचं पुढच्या वेळी बघू.”

पेन तर गेलंच, वर आईची बोलणीही खावी लागली! आणि अभ्यास मात्र मी खरोखर केला होता हो!

चूक कुठे झाली? ‘स्लो’चं ‘स्लोली’ होतं, ‘क्विक’चं ‘क्विकली’ होतं, तसं ‘हार्ड’चं ‘हार्डली’ होत असेल, असं मी धरून चालले. पण ‘हार्डली’ म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. ‘कसून’ म्हणायचं तर ‘हार्ड’ हाच शब्द हवा, आणि तोही क्रियापदाच्या मागून : ‘आय स्टडीड हार्ड.’ म्हणजे शब्द चुकला, आणि जागाही चुकली.

शब्दाचं समजलं. पण जागा का चुकते? कारण आपण मराठीत विचार करतो. हे वाक्य बघा : ‘मी काल सकाळी सायकलवरून शाळेत गेले.’ केव्हा, कशावरून, कुठे, सगळं आधी सांगून झालं आणि ‘गेले’ अगदी शेवटी आलं. मराठीत क्रियापद असं पंगतीत शेवटी बसतं. इंग्रजीत मात्र त्याला घाई असते. कर्ता आला की त्याच्या पाठोपाठ क्रियापद हजर! ‘आय वेंट टू स्कूल बाय सायकल येस्टरडे मॉर्निंग.’ बाकीची मंडळी मागून येतात.

आणखी एक गंमत. ‘लवकर उठले’ एवढं म्हटलं तरी मराठीत कळतं की मी उठले, आणि बोलणारी मुलगी आहे. ‘उठलो’ म्हटलं की मुलगा. इंग्रजीत मुलगा असो की मुलगी, ‘गॉट अप’च. म्हणून तिथे ‘आय’ गाळून चालत नाही.

मग ‘आय’ आणि भूतकाळी क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण कधीच येत नाही का? येतं की! पण ती जागा आहे तुळशीबागेतल्या गल्लीसारखी. सायकल हातात धरून जाता येईल, मोटार घालाल तर अडकेल. आत कुणाला सोडायचं, ते आता पाहू.

पहिले मानकरी म्हणजे ‘किती वेळा’ ते सांगणारे शब्द : ऑलवेज, नेव्हर, ऑफन. ‘आय ऑलवेज केम ऑन टाइम’, म्हणजे मी नेहमी वेळेवर आले. पण क्रियापद ‘वॉज’ असलं, की हे शब्द मुकाट्याने त्याच्या मागे जातात : ‘आय वॉज ऑलवेज हंग्री.’

दुसरे म्हणजे ‘कसं’ ते सांगणारे, शेवटी ‘ली’ असलेले बरेचसे शब्द. ‘आय क्वाएटली ओपन्ड द डोअर’, मी हळूच दार उघडलं. हेच ‘आय ओपन्ड द डोअर क्वाएटली’ असंही चालतं. पण ‘आय ओपन्ड क्वाएटली द डोअर’? छे! इंग्रजीत क्रियापद आणि कर्म एकमेकांचा हात धरून चालतात, त्यांच्यामध्ये घुसायचं नाही.

आता मोटारी कोणत्या? ‘येस्टरडे’सारखे वेळ सांगणारे आणि ‘देअर’सारखे जागा सांगणारे शब्द गल्लीबाहेरच थांबतात. ‘येस्टरडे’ वाक्याच्या आरंभी किंवा शेवटी शोभतो. फास्ट, हार्ड, अर्ली, लेट हेही मागूनच येतात. ‘मी लवकर उठले’ म्हणजे ‘आय गॉट अप अर्ली’. ‘आय अर्ली गॉट अप’ हे शब्द इंग्रजी, पण वाक्य मराठीच! आणि ‘विथ ग्रेट केअर’ असा तीन डब्यांचा लांबलचक शब्दसमूह तर गल्लीत मावणारच नाही. तिथे एकटा ‘केअरफुली’ सहज जातो.

जागा बदलली की कधीकधी अर्थही बदलतो, बरं का! समोर लाडवाचं ताट आहे. ‘ओन्ली आय टेस्टेड द लाडू’ म्हणजे मीच लाडू चाखला, बाकी कुणी नाही. ‘आय ओन्ली टेस्टेड द लाडू’ म्हणजे मी लाडू नुसता चाखला, खाल्ला नाही. ‘आय टेस्टेड ओन्ली द लाडू’ म्हणजे मी लाडूच चाखला, चकलीला हात लावला नाही. एकच ‘ओन्ली’ तीन ठिकाणी बसला, अन् तीन गोष्टी झाल्या. आपला ‘च’ काय वेगळं करतो? ‘मीच’ आणि ‘लाडूच’ यांतला फरक ज्याला कळतो, त्याला इंग्रजीतलंही कळेल.

ही कसरत फक्त आपल्याच वाट्याला आली असं मात्र समजू नका. आपल्या पुण्यातल्या विश्रामबागवाड्यात १८२१ साली संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पुढे मेजर थॉमस कँडी हे इंग्रज गृहस्थ तिचे प्रमुख झाले. मोल्सवर्थ यांनी हाती घेतलेला इंग्रजी-मराठी कोश कँडींनी पुरा केला आणि तो १८४७ साली प्रसिद्ध झाला. आज आपण मराठीत जो स्वल्पविराम किंवा प्रश्नचिन्ह देतो, ती चिन्हं रुळवण्यातही त्यांचा मोठा वाटा. पण विचार करा, लहानपणापासून ‘आय वेंट’ म्हणणाऱ्या माणसाला ‘मी काल सकाळी पर्वतीवर’ इथपर्यंत सगळं बोलून ‘गेलो’ शेवटपर्यंत राखून ठेवायचं, म्हणजे केवढी सवय मोडायची!

पालकांनाही दोन शब्द. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं. त्यामुळे अशी वाक्यं आता घराघरांत लवकर कानी पडतात. मुलाने ‘आय अर्ली गॉट अप’ म्हटलं तर हसू नका, रागावूही नका. ती ढिलाई नव्हे, त्याची मराठी पक्की असल्याची खूण आहे. ‘मराठीत लवकर कुठे बसतं? आणि इंग्रजीत?’ एवढं विचारा. माझ्या मामाने तेव्हा एवढंच विचारलं असतं, तर पेन मिळालं असतं!

चला तर मग, आता तुमची पाळी. ही वाक्यं इंग्रजीत करा :

१) मी काल पर्वतीवर गेलो.
२) मी उशिरा आले.
३) मी हळूच खिडकी उघडली.
४) मी कधीच खोटं बोललो नाही.
५) मी पडता पडता वाचले.

उत्तरं : १) आय वेंट टू पर्वती येस्टरडे. २) आय केम लेट. (‘लेटली’ नव्हे हं! त्याचा अर्थ ‘अलीकडे’.) ३) आय क्वाएटली ओपन्ड द विंडो. ४) आय नेव्हर टोल्ड अ लाय. ५) आय निअरली फेल.

पाचही बरोबर आली? मग आजच एखाद्या मामाला, काकाला किंवा आजोबांना इंग्रजीत पत्र लिहा. फक्त ‘हार्ड’ आणि ‘हार्डली’ तेवढं जपून!