क्लचला हॉर्सपॉवर कळत नाही!

"गाडीला रिमॅप मारला, तीस-चाळीस घोडे वाढले!" कुठल्याही इंजिनीअरिंग कॉलेजच्या पार्किंगमध्ये हे वाक्य कधी ना कधी कानावर पडतंच. घोडे किती वाढले हे सगळे छाती फुगवून सांगतात. पण ते घोडे चाकापर्यंत पोचवतं कोण, याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. मॅन्युअल गाडीत हे काम करते इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधोमध बसलेली एक बिचारी तबकडी, आपली क्लच प्लेट. ट्यूनिंगनंतर गाडीत सर्वांत आधी बळी जातो तो बहुतेक वेळा तिचाच. तो का जातो आणि कसा वाचवता येतो, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच!

आधी थोडी ओळख

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे शुद्ध मराठी तांत्रिक शब्द शोधायच्या भानगडीत मी पडत नाही. गॅरेजमध्ये जे शब्द चालतात तेच वापरते.

इंजिनच्या क्रँकशाफ्टला फ्लायव्हील जोडलेलं असतं. त्याला प्रेशर प्लेट बोल्टने घट्ट बसवलेली असते. या दोघांच्या मध्ये क्लच प्लेट सँडविचमधल्या काकडीसारखी दाबून धरलेली असते. दाबण्याचं काम डायफ्रॅम स्प्रिंग करते. क्लच प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसलेली असते. आपण पेडल दाबलं की स्प्रिंगचा दाब सुटतो आणि इंजिन व गिअरबॉक्स वेगळे होतात. पेडल सोडलं की तिघं पुन्हा एकत्र फिरू लागतात.

लक्षात घ्या, इथे दात नाहीत, खाचा नाहीत. सगळा कारभार फक्त घर्षणावर चालतो. आणि घर्षणाला मर्यादा असते.

घोडे वेगळे, टॉर्क वेगळा

पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग. हे आपण पहिल्या वर्षी शिकतो आणि परीक्षा झाली की विसरतो. क्लचच्या बाबतीत मात्र हे समीकरण विसरून चालत नाही, कारण क्लचला हॉर्सपॉवर कळतच नाही. त्याला कळतो फक्त टॉर्क, म्हणजे पीळ.

उदाहरण घेऊ. १९९९ साली होंडाने एस२००० ही स्पोर्ट्स कार आणली. दोन लिटरचं इंजिन, टर्बो नाही आणि गिअरबॉक्स फक्त मॅन्युअल. जपानी आवृत्तीत तिची ताकद होती २५० पीएस, तीही ८३०० आरपीएमला! पण तिचा जास्तीत जास्त टॉर्क होता केवळ २१८ न्यूटन-मीटर.

आता दुसरी गाडी बघा. आपल्या पुण्याजवळ रांजणगावला बनलेली फियाट लिनिया टी-जेट, २०१० साली आलेली. १.४ लिटरचं टर्बो इंजिन, ताकद ११४ पीएस. पण टॉर्क? २०७ न्यूटन-मीटर! म्हणजे घोडे निम्म्याहून कमी, पण क्लचवर येणारा पीळ जवळजवळ तेवढाच. होंडा ताकद काढते ती वेगाने फिरून, तर टर्बो इंजिन ताकद काढतं ते जोरात पिळून.

तिसरी गाडी फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय, सातवी पिढी. ताकद २२० पीएस, म्हणजे होंडापेक्षा कमीच. टॉर्क मात्र ३५० न्यूटन-मीटर, आणि तोही १५०० आरपीएमपासून हजर! ट्यूनिंगनंतर क्लच घसरण्याबद्दल मॅन्युअल जीटीआय जगभर प्रसिद्ध आहे. त्यामागचं कारण या आकड्यांतच दडलेलं आहे.

रिमॅप म्हणजे नेमकं काय?

आजच्या इंजिनात पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची आणि टर्बोने किती दाब तयार करायचा हे सगळं ईसीयू नावाचा छोटा कॉम्प्युटर ठरवतो. रिमॅप म्हणजे त्याच्या आतले तक्ते बदलणं. टर्बो नसलेल्या इंजिनात याने फारसं काही हाती लागत नाही, कारण सिलिंडरमध्ये हवा तेवढीच जाते. पण टर्बो असेल तर दाब वाढवला की हवा वाढते, हवेबरोबर पेट्रोल वाढतं आणि टॉर्क एकदम उसळी मारतो. नट-बोल्टला हात न लावता गोल्फ जीटीआयचा टॉर्क ३५० वरून ४५० न्यूटन-मीटरच्या आसपास जाऊ शकतो.

ही वाढ सगळ्यात जास्त होते ती अडीच ते साडेतीन हजार आरपीएमच्या पट्ट्यात, कारण छोटा टर्बो तिथेच सर्वांत जोरात असतो. चालवणाऱ्याला सीटमध्ये जो दणका बसतो तो इथलाच. आणि क्लचला बसतो तोही इथलाच.

एक छोटंसं गणित

घाबरू नका, एकच सूत्र आहे. क्लच जास्तीत जास्त किती टॉर्क झेलेल? उत्तर आहे म्यू गुणिले दाब गुणिले सरासरी त्रिज्या गुणिले घासणाऱ्या बाजूंची संख्या. मेकॅनिकलवाल्यांना मशीन डिझाइनमधली युनिफॉर्म वेअर थिअरी आठवत असेलच.

हिशेबाला सोपे पडतील असे आकडे घेऊ. म्यू ०.३, स्प्रिंगचा दाब ७००० न्यूटन, सरासरी त्रिज्या १० सेंटिमीटर, म्हणजे ०.१ मीटर. प्लेटच्या दोन्ही बाजू घासतात, म्हणून संख्या २. गुणाकार केला की उत्तर येतं ४२० न्यूटन-मीटर.

इंजिन ३५० देतं आणि क्लच ४२० झेलतो, म्हणजे २० टक्के शिल्लक. कंपनी एवढी शिल्लक जाणूनबुजून ठेवते, कारण प्लेट झिजते, गरम होते, आणि चालवणारा प्रत्येक जण काही रॅली ड्रायव्हर नसतो. ही शिल्लक म्हणजे आपण खर्च करायचे जादा पैसे नव्हेत, ते अडीअडचणीसाठी ठेवलेलं डिपॉझिट आहे! रिमॅपने इंजिन ४५० वर गेलं की डिपॉझिट तर मोडलंच, वर ३० न्यूटन-मीटरचं कर्जही झालं.

घसरण आणि उष्णता

आता खरी मजा सुरू होते. इंजिन जास्त पिळू लागलं की क्लच घसरतो. समजा तो ५०० आरपीएमच्या फरकाने घसरतोय. मग ४२० न्यूटन-मीटर गुणिले सेकंदाला ५२ रेडियन म्हणजे जवळजवळ २२ किलोवॉट उष्णता तयार होते. बाथरूममधले २ किलोवॉटचे अकरा गिझर एका बंद डब्यात एकदम चालू केल्यासारखं झालं की हे!

तापलेल्या प्लेटचा म्यू कमी होतो. तो ०.३ वरून ०.२५ वर आला की आपल्याच सूत्राने क्लचची क्षमता ४२० वरून ३५० वर येते. म्हणजे घसरण आणखी वाढते, उष्णता आणखी वाढते, म्यू आणखी पडतो. हे दुष्टचक्र एकदा सुरू झालं की थांबतं ते अॅक्सिलरेटर सोडल्यावरच.

एका गॅरेजमध्ये मी अशा गाडीतून काढलेला क्लच हातात घेऊन पाहिला आहे. प्रेशर प्लेटवर जागोजाग निळसर डाग पडले होते आणि क्लच प्लेटचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला होता. तिथले मेस्त्री म्हणाले, "ताई, ही प्लेट गेली नाहीये, हिला घालवलीये." आमच्या एका अख्ख्या चॅप्टरचा सारांश त्यांनी एका वाक्यात सांगितला!

क्लच घसरतोय हे ओळखायचं कसं? वरच्या गिअरमध्ये, म्हणजे चौथ्या-पाचव्यात, अडीच हजार आरपीएमच्या आसपास पूर्ण अॅक्सिलरेटर दिला की आरपीएमचा काटा टुणकन वर उडतो, पण स्पीडचा काटा जागेवरच असतो. मग जळका वास येतो. हे वरच्या गिअरमध्येच आधी का होतं? खालच्या गिअरमध्ये गाडी पटकन पळते, इंजिनचा काही टॉर्क स्वतःचं फ्लायव्हील फिरवण्यातच खर्ची पडतो आणि धोक्याचा पट्टा क्षणात मागे पडतो. वरच्या गिअरमध्ये जवळजवळ सगळा टॉर्क क्लचमधून जातो आणि गाडी त्या पट्ट्यात कितीतरी जास्त वेळ रेंगाळते.

मग भक्कम क्लच टाकला की झालं?

सूत्रात चार गोष्टी आहेत, म्हणून मार्गही चारच. पण फुकट काहीच नाही.

१) दाब वाढवा: स्प्रिंग कडक केली की पेडल जड होतं. ट्रॅफिकमध्ये डाव्या पायाची वाट लागते आणि रिलीज बेअरिंगवर ताण येतो.

२) त्रिज्या वाढवा: उत्तम उपाय, पण गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या कव्हरमध्ये मोठी प्लेट मावली पाहिजे ना!

३) म्यू वाढवा: सिरॅमिक किंवा सिंटर्ड धातूची प्लेट उष्णता छान झेलते. पण ती हळुवारपणे पकडत नाही. सिग्नलला गाडी बेडकासारखी उड्या मारते आणि फ्लायव्हीलही लवकर खरवडतं.

४) बाजू वाढवा: दोन प्लेट घातल्या की घासणाऱ्या बाजू चार होतात आणि तेवढ्याच दाबात क्षमता दुप्पट होते. पण त्याची किंमतही तशीच असते.

आणखी एक गोष्ट. क्लच हा घरातल्या फ्यूजसारखा असतो. तो घसरतो म्हणून पुढचं सामान वाचतं. फ्यूजच्या जागी जाड तार लावली तर काय होतं हे इलेक्ट्रिकलवाले मित्र सांगतील. इथे पुढची पाळी येते गिअर आणि ड्राइव्हशाफ्टची, आणि त्यांच्यापुढे क्लचचा खर्च किरकोळ वाटू लागतो.

डोंगर नको, पठार हवं

हा प्रश्न आमच्या घरातही आला. माझ्या मावसभावाने पहिल्या नोकरीच्या पगारातून पैसे साठवून सेकंडहँड लिनिया टी-जेट घेतली. एका ट्यूनरने त्याला २७० न्यूटन-मीटरचं आमिष दाखवलं. क्लच जुना, मूळचाच. तो बदलण्याचा खर्च दादाच्या हिशेबात धरलेलाच नव्हता. शिवाय फियाटच्या गाड्या इथे बनणं बंद झालेलं, त्यामुळे पार्ट शोधत फिरण्याची वेळ. त्याने मला विचारलं, "तू मेकॅनिकलची ना? सांग, करू की नको?"

मी कागद-पेन घेतलं. मूळ गाडीत ५००० आरपीएमला ११४ पीएस मिळतात, म्हणजे तिथे टॉर्क उरतो अवघा १६०. कमाल २०७ असतो तो त्याच्या बराच आधी, खाली २२०० आरपीएमला. आता समजा खालचा २०७ तसाच ठेवला आणि वर ५००० ला टॉर्क १६० ऐवजी १८५ केला. पॉवर किती? जवळजवळ १३२ पीएस. म्हणजे १८ घोडे वाढले आणि क्लचवरचा कमाल पीळ एका न्यूटन-मीटरनेही वाढला नाही!

हीच या सगळ्यातली ग्यानबाची मेख आहे. टॉर्कचा डोंगर उंच करू नका, टॉर्कचं पठार लांब करा. अर्थात वरच्या आरपीएमला टर्बो, पेट्रोल आणि तापमान यांची मर्यादा सांभाळावीच लागते. पण ईसीयूमध्ये टॉर्कची कमाल मर्यादा ठरवून देता येते. जाणकार ट्यूनर मागितलं तर तसा मॅप करून देतो. सीटमधला दणका थोडा कमी जाणवतो, म्हणून लोक तो मागत नाहीत, एवढंच. दादाने मागितला. त्याची गाडी अजून त्याच क्लचवर आहे.

पायातलं ट्यूनिंग

मॅप कितीही शहाणा असला तरी शेवटी सगळं पायावर येतं. १४०० किलोची गाडी घ्या, पहिल्या गिअरमध्ये १००० आरपीएमला ताशी ८ किलोमीटर वेग धरा. १५०० आरपीएमला धरून गाडी उचलली तर क्लचमध्ये साधारण ८ किलोज्यूल उष्णता जाते. ५००० आरपीएमला धरून लाँच केली तर ८६ किलोज्यूल, म्हणजे ११ पट! फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट मिळून ८ किलो लोखंड धरलं तर प्रत्येक लाँचला ते सरासरी २३ अंशांनी तापतं. घासणारा पृष्ठभाग तर त्याहून कितीतरी जास्त. मित्रांना दाखवायला लागोपाठ दहा लाँच केले की काय होईल, याचा गुणाकार तुम्हीच करा.

म्हणून पेडलवर पाय ठेवून गाडी चालवू नका. घाटातल्या चढावर ट्रॅफिक थांबलं तर हाफ क्लचवर गाडी तोलून न धरता हँडब्रेक लावा. नवीन क्लच टाकल्यावर पहिले काहीशे किलोमीटर त्याला दमाने घ्या, म्हणजे पृष्ठभाग एकमेकांत नीट बसतात. आणि रिमॅप करायचाच असेल तर आधी वॉरंटी आणि विमा यांच्या अटी वाचा. ट्यूनरला "किती घोडे?" हा प्रश्न विचारू नका. "कमाल टॉर्क किती आणि किती आरपीएमला?" हा विचारा. तो आलेख दाखवू शकला नाही तर सरळ घरी या.

मॅन्युअल स्पोर्ट्स गाड्या झपाट्याने कमी होत चालल्या आहेत. अमेरिकेत २०२४च्या मॉडेलनंतर गोल्फ जीटीआयचा मॅन्युअल गिअरबॉक्स बंद झाला. आपल्याकडे २०२५ मध्ये जीटीआय आली तीही ऑटोमॅटिकच. तेव्हा मित्रांनो, ज्यांच्या नशिबी तीन पेडलची गाडी आहे त्यांनी मधल्या त्या तबकडीची जरा कदर करा. घोडे कितीही बांधा, लगाम तिच्याच हातात आहे!