कॉइलओव्हर बसवले, पण गाडी दणके देतेय? नॉब फिरवण्याआधी हे समजून घ्या

नवे कॉइलओव्हर बसवून गाडी गॅरेजमधून बाहेर येते. उंची थोडी कमी झालेली असते, चाक आणि मडगार्डमधली फट भरलेली दिसते, फोटोही झकास येतात. मात्र पहिल्याच स्पीडब्रेकरला मागच्या सीटवरून आवाज येतो, ‘अरे बाळा, जरा हळू!’ महिनाभरात घरचे लोक त्या गाडीत बसायला कां कूं करू लागतात आणि हजारो रुपयांचा सेट काढून पुन्हा जुने शॉकअप लावायचा विचार सुरू होतो.

अशा वेळी दोष दरवेळी कॉइलओव्हरचाच असतो असे नाही. अनेकदा तो चुकीच्या सेटिंगचा असतो. आरामदायी प्रवासासाठी हे सेटिंग कसे करायचे, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

कॉइलओव्हर म्हणजे नेमके काय?

शॉकअपभोवती स्प्रिंग बसवलेली रचना म्हणजे कॉइलओव्हर. बहुतेक गाड्यांच्या पुढच्या चाकांना कंपनीतूनच अशा धाटणीची रचना असते. बाजारात वेगळ्या मिळणाऱ्या सेटमध्ये शॉकअपच्या नळीवर आटे पाडलेले असतात. त्यावरची रिंग वर-खाली करून गाडीची उंची बदलता येते. अनेक सेटमध्ये शॉकअप मऊ-कडक करण्यासाठी नॉबही असतो. जपानची टाईन, तैवानची बीसी रेसिंग, जर्मनीच्या केडब्ल्यू आणि बिल्स्टीन ही या क्षेत्रातली ओळखीची नावे. प्रत्येक सेटला नॉब असतोच असे नाही. उदाहरणार्थ, बिल्स्टीनच्या ‘बी १४’मध्ये फक्त उंची बदलता येते.

गाडी कडक का वाटते?

याचे उत्तर स्प्रिंगमध्ये आहे. स्प्रिंगचा कडकपणा किलो प्रति मिलिमीटरमध्ये मोजतात. ‘६ किलो’ची स्प्रिंग म्हणजे ती १ मिलिमीटर दाबायला ६ किलो वजन लागते.

समजा, एका कोपऱ्यातल्या स्प्रिंगवर गाडीचे ३०० किलो वजन येते. स्प्रिंग २.५ किलोची असेल तर ती १२० मिलिमीटर दबेल आणि गाडीची वर-खाली होण्याची नैसर्गिक वारंवारता साधारण १.४ हर्ट्झ येईल. म्हणजे सेकंदाला जवळपास दीड हेलकावा. त्याच जागी ६ किलोची स्प्रिंग लावली तर ती फक्त ५० मिलिमीटर दबेल आणि वारंवारता २.२ हर्ट्झवर जाईल. आरामासाठी बनवलेल्या प्रवासी गाड्या साधारण १ ते १.५ हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवल्या जातात. माणसाच्या शरीराला ४ ते ८ हर्ट्झची उभी कंपने सर्वाधिक त्रास देतात. स्प्रिंग जितकी कडक, तितके या पट्ट्यातले हादरे सीटपर्यंत जास्त पोहोचतात.

त्यामुळे सेट घेतानाच स्प्रिंग किती किलोची आहे, हे विचारा. ट्रॅकसाठी निवडलेली स्प्रिंग नॉब कितीही फिरवला तरी मऊ होणार नाही. बऱ्याच कंपन्या कमी कडक स्प्रिंगचा पर्याय देतात. वरच्या उदाहरणात ६ ऐवजी ४ किलोची स्प्रिंग घेतली, तर वारंवारता १.८ हर्ट्झपर्यंत खाली येते.

पुढची आणि मागची स्प्रिंग सारखीच हवी का?

नाही. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो आणि मागच्या चाकाला क्षणभराने. दोन्हीकडची वारंवारता सारखी असेल तर गाडी घोड्यासारखी पुढे-मागे डोलते. मागची वारंवारता थोडी जास्त ठेवली तर मागचा भाग पुढच्याला लवकर गाठतो आणि डोलणे शमते. जनरल मोटर्समध्ये काम करणारे अभियंता मॉरिस ऑली यांनी हा विचार १९३०च्या दशकात मांडला. आजही आरामदायी गाड्यांच्या रचनेत तो वापरला जातो.

प्रीलोडचा गैरसमज

गाडीचे वजन येण्याआधीच रिंग आवळून स्प्रिंग जितकी दाबली जाते, तो प्रीलोड. ‘प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते’ असे गॅरेजमध्ये सर्रास ऐकायला मिळते. एकसारख्या वेटोळ्यांच्या साध्या स्प्रिंगबाबत हे खरे नाही. ६ किलोची स्प्रिंग ६ किलोचीच राहते. बदलतो तो चाकाला वर-खाली जायला मिळणारा वाव.

समजा, शॉकअपचा एकूण प्रवास १०० मिलिमीटर आहे. प्रीलोड शून्य असताना वरच्या उदाहरणातली गाडी ५० मिलिमीटर खाली बसेल. म्हणजे उंचवट्यासाठी ५० आणि खड्ड्यासाठी ५० मिलिमीटर वाव राहील. प्रीलोड २० मिलिमीटर दिला तर गाडी ३० मिलिमीटरच बसेल. आता उंचवट्यासाठी ७०, पण खड्ड्यासाठी फक्त ३० मिलिमीटर उरले. खोल खड्ड्यात चाक खाली पोहोचण्याआधीच शॉकअप पूर्ण ताणला जातो, ‘टक’ असा आवाज येतो आणि गाडी खड्ड्यात आदळते. लोकांना वाटते, स्प्रिंग कडक झाली.

आरामासाठी सुरुवात अगदी कमी प्रीलोडने करा. चाक हवेत लोंबत असताना स्प्रिंग सैल होऊन हलू नये, इतका पुरे. गाडी नेहमी पाच जणांनी आणि सामानाने भरत असेल, तर मागे थोडा वाढवता येतो.

उंची किती कमी करावी?

जितकी कमी कराल, तितका उंचवट्यासाठीचा वाव घटण्याची शक्यता. वाव संपला की शॉकअपवरचा रबरी बंप स्टॉप दाबला जातो आणि थेट पाठीत दणका बसतो. ‘इंडियन रोड्स काँग्रेस’च्या आयआरसी ९९ या मार्गदर्शिकेनुसार गोलाकार स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने तो सहज ओलांडता येतो. आपल्या गल्लोगल्लीचे अरुंद, टोकदार स्पीडब्रेकर या मापात बसत नाहीत, हे रोज अनुभवास येते. त्यामुळे मूळ उंचीपेक्षा १५ ते २० मिलिमीटर खाली ही शहरातल्या वापरासाठी समंजस मर्यादा आहे.

तुमच्या सेटमध्ये खालचा ब्रॅकेट स्वतंत्रपणे फिरत असेल, तर उंची तिथूनच बदला. असे केल्याने प्रीलोड आणि शॉकअपचा प्रवास तसाच राहतो. तरीही चाक मडगार्डला किंवा आतल्या प्लास्टिकला घासत नाही ना, हे पूर्ण वळवून तपासा. बंप स्टॉप कापून वाव वाढवण्याच्या फंदात पडू नका. धातूवर धातू आदळण्यापासून तोच वाचवतो.

नॉब कसा लावायचा?

शॉकअपचे काम स्प्रिंगचे हेलकावे थांबवण्याचे. खूप मऊ ठेवला तर गाडी उंचवट्यानंतर दोन-तीनदा डुलते आणि पोटात ढवळते. खूप कडक ठेवला तर स्प्रिंगला पुन्हा उलगडायला वेळ मिळत नाही. ओळीने खड्डे आले की गाडी हळूहळू खाली बसत जाते आणि प्रत्येक पुढचा दणका आधीपेक्षा मोठा वाटतो.

१. चारही नॉब सर्वात मऊ स्थितीत आणा. नॉब टोकाला जोर लावून फिरवू नका.
२. तीन-चार किलोमीटरचा ओळखीचा रस्ता निवडा. त्यात एक स्पीडब्रेकर, एक खराब पट्टा आणि एक सरळ वेगाचा भाग असावा.
३. गाडी डुलत असेल तर दोन-दोन क्लिक वाढवा. एका वेळी फक्त पुढचे किंवा फक्त मागचे बदला. डावे-उजवे मात्र सारखेच ठेवा.
४. डुलणे एका हेलकाव्यात थांबले की तिथेच थांबा. क्लिकचा आकडा मोबाइलमध्ये लिहून ठेवा.

एक लक्षात ठेवा. एकाच नॉबच्या बहुतेक सेटमध्ये त्याचा परिणाम गाडीच्या संथ हालचालींवर अधिक जाणवतो. टोकदार खड्ड्याचा फटका मुख्यतः स्प्रिंग, टायर आणि उरलेला वाव यांवर ठरतो.

बुश, टायर आणि अलाइनमेंट

सस्पेन्शनच्या आर्ममधले रबरी बुश हे सर्वाधिक दुर्लक्षित कारण. चाके हवेत लोंबत असताना त्यांचे बोल्ट पूर्ण आवळले, तर गाडी खाली येताच रबर पिळले जाते. ते कायम ताणात राहते, राइड कडक होते आणि बुश लवकर फाटतात. हे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर असताना, कंपनीने दिलेल्या टॉर्कने आवळायला सांगा.

वरचा माउंट रबरी असेल तर आवाज आणि बारीक कंपने कमी येतात. बॉल जॉइंटचा धातूचा माउंट स्टिअरिंगला नेमकेपणा देतो, पण रस्त्याचा खडखडाट आत आणतो. टायरमधली हवा थंड असताना, दरवाजाजवळच्या स्टिकरप्रमाणे तपासा. मोठे अलॉय आणि पातळ टायर लावले असतील, तर निम्मा आराम तिथेच गेलेला असतो.

उंची बदलली की कॅम्बर आणि टो बदलतात. म्हणून अलाइनमेंट आणि हेडलाइटची दिशा दोन्ही तपासा. काहीशे किलोमीटरनंतर स्प्रिंग बसतात. तेव्हा उंची पुन्हा मोजा, लॉक रिंग आवळा आणि अलाइनमेंट परत पाहा.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये हे अधोरेखित केले. बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून सेट घेण्यापूर्वीच आरटीओकडे चौकशी करा आणि विमा कंपनीला लेखी विचारा. वॉरंटीच्या अटीही वाचा. अपघातानंतर दावा अडकला, तर आरामाचा हिशेब फार महागात पडतो.

घरी करण्यासारखे काय?

नॉब फिरवणे आणि हवा तपासणे घरी करता येते. स्प्रिंग काढणे नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीवघेणी इजा होऊ शकते. गाडीखाली फक्त जॅकच्या भरवशावर कधीही जाऊ नका. गॅरेजला गाडी देण्याआधी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवा. नंतर काहीही बिघडले तरी परत येण्यासाठी मूळ आकडा हाताशी असेल.

आणि शेवटची चाचणी एकट्याने घेऊ नका. चालकाच्या हातात स्टिअरिंग असते, पुढचा खड्डा त्याला दिसतो आणि शरीर आपोआप सावध होते. मागच्या सीटवर बसलेल्याला तो दिसत नाही. घरातल्या ज्येष्ठांना मागे बसवून त्याच रस्त्यावरून एक फेरी मारा. ‘हळू चालव’ असे कुणी म्हणाले नाही, तर सेटिंग जमले.