काळारामाच्या दारातले युक्तिवाद

समोरच्याचा हेतू उघडा पाडला की त्याचा मुद्दाही निकालात निघतो, असं आपल्याकडे सर्रास मानलं जातं. हा गैरसमज काय करू शकतो, ते समजून घ्यायला नाशिककरांना पंचवटीपलीकडे जावं लागत नाही.

२ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली पंचवटीतल्या काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. हजारो स्त्री-पुरुष मंदिरापर्यंत आले, तेव्हा दरवाजे बंद होते. एप्रिलमध्ये रथयात्रेच्या वेळी दगडफेक झाली. दादासाहेब गायकवाडांनी हा लढा पुढे वर्षानुवर्षं नेटानं चालवला. ३ मार्च १९३४ रोजी बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेल्या पत्रात आपला उद्देश स्पष्ट केला: अस्पृश्यांनी मूर्तिपूजा करावी म्हणून ही चळवळ नव्हती, त्यांच्यात जागृती यावी आणि बळ यावं म्हणून होती.

यावर ‘म्हणजे भक्ती नव्हतीच, मग मागणी कसली?’ असं कुणी म्हणालं, तर ते तर्काला धरून नाही. आत जाणाऱ्या सवर्णाची भक्ती दारात कुणी तपासत नव्हतं. तपासली जात होती ती जात. जन्मावरून माणसाला सार्वजनिक देवळाबाहेर ठेवावं का, हा प्रश्न होता आणि मागणाऱ्याच्या मनात काय आहे, यावर त्याचं उत्तर अवलंबून नव्हतं. पुढे १९४७च्या मुंबई प्रांताच्या मंदिरप्रवेश कायद्यानंही आत जाणाऱ्याचा हेतू विचारला नाही.

अर्थात हेतू कधीच पाहू नये, असं नाही. बियाणं विकणाराच ‘हेच वाण उत्तम’ म्हणत असेल, तर त्याचा नफा लक्षात घ्यायलाच हवा, कारण तिथं आपण त्याच्या शब्दावर विसंबत असतो. कारण स्वतःच्या बळावर उभं असेल, तर मात्र ते कारण तपासावं.

‘देवळात जाऊन पोट भरणार आहे का?’ हा आक्षेपही असाच फसवा. एका उपायानं सगळं सुटत नाही म्हणून तो व्यर्थ, हे गृहीतच चुकीचं. मंदिरप्रवेशानं आपले सगळे प्रश्न सुटणार नाहीत, ते राजकीय, सामाजिक, धार्मिक आणि आर्थिकही आहेत, हे बाबासाहेबांनी सत्याग्रहाच्या वेळीच सांगितलं होतं. हिंदू मन आपल्याला माणूस मानायला तयार आहे का, याची ती कसोटी होती.

रूढीचा दाखला देणं नेहमीच चूक असतं, हेही खरं नाही. पेरणीच्या जुन्या अनुभवाला वजन असतं, कारण चूक झाली तर करणाऱ्याचंच पीक जातं. अस्पृश्यतेच्या रूढीचं नुकसान सोसणाऱ्यांना मात्र ती बदलण्याचा अधिकारच नव्हता. ती शतकानुशतकं टिकली, यावरून ती न्याय्य होती असं मुळीच ठरत नाही.

भावनेला हात घालणं म्हणजे दिशाभूल, हाही घाईचा निष्कर्ष. अपमान खरा असेल, तर त्याबद्दलचा संताप मुद्द्याला धरूनच असतो.

तर्कशास्त्र पाश्चात्त्यांकडून आलं, असं अनेकांना वाटतं. पण गौतमाच्या न्यायसूत्रांतही पाच हेत्वाभास, म्हणजे कारणासारखी भासणारी सदोष कारणं, सांगितली आहेत. तिथली महत्त्वाची गोष्ट अशी, की दोष हेतूचा, म्हणजे दिलेल्या कारणाचा असतो. धुक्याला धूर समजून कुणी ‘डोंगरावर आग आहे’ म्हणालं, तर त्याचं कारण बाद होतं. तरी डोंगरावर आग असूही शकते. ‘तर्कदोष सापडला, म्हणून दावा खोटा’ असं म्हणणारा स्वतःच चुकतो.

आपल्या जिल्ह्यातलंच एक उदाहरण घ्या. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्रानं कांद्याची निर्यात थांबवली आणि लासलगावात भाव कोसळले. ‘आधी हे झालं, नंतर ते झालं, म्हणून यामुळेच झालं’ हा तर्कदोष आहे, असं सांगून शेतकऱ्याचं म्हणणं उडवून लावता येणार नाही. नुसता क्रम हा पुरावा नाही, हे खरं. पण इथं मधले दुवे दाखवता येतात: बाहेर जाणारा माल देशातच राहिला, पुरवठा वाढला, लिलावात बोली उतरली. त्याच दिवसांत लाल कांद्याची आवकही वाढत असते. घसरणीत कशाचा वाटा किती, हे ठरवायला बंदीच्या आधीची आणि नंतरची आवक आणि भाव शेजारी शेजारी मांडून पाहावे लागतात. बाजार समितीत त्यांची रोजच्या रोज नोंद होते.